शुगर गावात जास्त की शहरात? सातारा-सांगलीकर फिरून फिरून विचारतात ते प्रश्न

तालुक्याच्या गावी दवाखाना चालवताना रोज कानावर येणारे हे प्रश्न. विचारणारे कधी पेशंट असतात, कधी पेशंटला घेऊन आलेला मुलगा, कधी शिबिराच्या मांडवात खुर्ची मिळेपर्यंत उभे असलेले गावकरी. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं बरंच आहे. तुमच्या औषधाचा डोस मात्र या पानावरून ठरवू नका, तो तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

देशात नक्की किती जणांना मधुमेह आहे?

आजवर खास मधुमेहासारख्या आजारांसाठी घरोघर जाऊन, रक्त तपासून केलेलं सगळ्यात मोठं सर्वेक्षण म्हणजे आयसीएमआर-इंडियाब. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद (आयसीएमआर) आणि चेन्नईचं मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशन यांनी ते २००८ ते २०२० या काळात टप्प्याटप्प्याने केलं. वीस वर्षं आणि त्यापुढची १,१३,०४३ माणसं त्यात तपासली गेली. त्यातली ७९,५०६ खेड्यांतली आणि ३३,५३७ शहरांतली. सगळ्या टप्प्यांचे एकत्र निष्कर्ष २०२३ साली ‘लॅन्सेट’च्या मधुमेहविषयक नियतकालिकात आले.

मधुमेह ११.४ टक्के, प्रीडायबेटिस (साखर वाढलेली, पण अजून मधुमेहाच्या मर्यादेच्या आत) १५.३ टक्के. माणसांत मोजायचं तर २०२१ सालच्या अंदाजाने १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि आणखी १३.६ कोटी लोक उंबरठ्यावर. याच पाहणीत ३५.५ टक्के लोकांचा बीपी वाढलेला निघाला आणि ३९.५ टक्के लोकांचं पोट सुटलेलं. हे आकडे एकमेकांपासून वेगळे वाचू नयेत. बीपीची गोळी चालू असलेल्या माणसाची शुगर बघायची राहून गेली, असं फार होतं.

मग गावात कमी आणि शहरात जास्त, हे खरं ना?

अर्धं खरं. मधुमेह शहरात १६.४ टक्के आणि खेड्यात ८.९ टक्के, म्हणजे शहरात जवळजवळ दुप्पट. एवढं ऐकून गावाकडची मंडळी निर्धास्त होतात. त्याच पाहणीतला पुढचा आकडा बघा: प्रीडायबेटिस शहरात १५.४ टक्के आणि खेड्यात १५.२ टक्के. फरक नावालाच उरलाय.

या दोन जोड्या शेजारी ठेवून बघितल्या तर चित्र उलगडतं. शहरात मधुमेह झालेले लोक उंबरठ्यावरच्या लोकांपेक्षा जास्त आहेत, म्हणजे ज्यांना व्हायचा त्यातल्या बऱ्याच जणांना तो होऊन गेलाय. खेड्यात झालेल्या प्रत्येक माणसामागे जवळजवळ पावणेदोन माणसं उंबरठ्यावर उभी आहेत. गाव सुटलेलं नाही, ते काही वर्षं मागून येतंय. देशातली बहुसंख्य माणसं अजून खेड्यात राहतात, त्यामुळे टक्केवारीतली छोटी वाढसुद्धा फार मोठ्या संख्येत उतरते.

माझ्या मते या सगळ्या सर्वेक्षणातला आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाचा आकडा हा १५.२ आहे. बातम्यांत मात्र दहा कोटींचाच मथळा झाला.

महाराष्ट्राचे वेगळे आकडे आहेत का?

आहेत, पण जुने. इंडियाबच्या पहिल्याच टप्प्यात महाराष्ट्र होता, सोबत तमिळनाडू, झारखंड आणि चंदीगड. ते निष्कर्ष २०११ साली आले. महाराष्ट्रात तेव्हा मधुमेह ८.४ टक्के होता: शहरी भागात १०.९, ग्रामीण भागात ६.५. प्रीडायबेटिस १२.८ टक्के होता: शहरात १५.२ आणि गावात ११.१. आता दीड दशक उलटलंय. तेव्हा उंबरठ्यावर असलेल्या माणसांचं काय झालं असेल, याचा अंदाज पुढच्या एका उत्तरात येईल.

राज्याराज्यांत फरक मोठा आहे. २०२३ च्या निष्कर्षांत शेजारच्या गोव्यात २६.४ टक्के मधुमेह होता, उत्तर प्रदेशात ४.८. उत्तर प्रदेशात मधुमेहापेक्षा प्रीडायबेटिस कितीतरी जास्त आहे, त्यामुळे तिथेही फार काळ हे असंच राहील असं नाही.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांचं काय?

इंडियाबची निवड राज्य धरून केलेली होती. त्यातून राज्याच्या शहरी आणि ग्रामीण भागाबद्दल बोलता येतं, एकेका जिल्ह्याबद्दल नाही. त्यामुळे ‘साताऱ्यात इतके टक्के, सांगलीत तितके टक्के’ असं इंडियाबच्या नावाने व्हॉट्सॲपवर काही आलं तर पुढे पाठवू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची जिल्हावार पत्रकं निघतात आणि २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत रक्तशर्कराही मोजली आहे. पण ती बोटातून घेतलेली, कुठल्याही वेळची, एकदाच मोजलेली साखर. देशभरात १५ वर्षांवरच्या १३.५ टक्के स्त्रिया आणि १५.६ टक्के पुरुष त्यात ‘१४० च्या वर किंवा औषध चालू’ या गटात आले. हा इशारा आहे, निदान नव्हे.

आपल्याकडे खरी गोम ‘ग्रामीण’ कशाला म्हणायचं यात आहे. २०११ च्या जनगणनेत साताऱ्याची जेमतेम १९ टक्के आणि सांगलीची साधारण साडेपंचवीस टक्के लोकसंख्या शहरी धरली होती. म्हणजे कागदावर दोन्ही जिल्हे ग्रामीणच. जनगणनेच्या हिशेबाने नगरपालिका किंवा नगरपंचायत असेल ते शहर. नसेल तर किमान पाच हजार वस्ती, चौरस किलोमीटरला चारशे माणसं आणि कामकरी पुरुषांतले पाऊणशे टक्के शेतीबाहेर, एवढं सगळं जमलं तर शहर. आता कराड किंवा वाळवा तालुक्यातलं एखादं मोठं गाव डोळ्यासमोर आणा. दारात दोन मोटारसायकली, कारखान्यात किंवा पतसंस्थेत नोकरी, चौकात वडापाव आणि चायनीजची गाडी, शेतात मजूर नाहीतर ट्रॅक्टर. कागदावर हे गाव खेडं आहे, पण तिथली ताटं आणि पावलं शहराची आहेत. पाटणच्या डोंगरातली वाडी, जतच्या पूर्व भागातलं मेंढपाळाचं घर आणि हे गाव, तिघंही एकाच रकान्यात मोजली जातात. त्यामुळे ‘ग्रामीण ८.९ टक्के’ ऐकून आपलं गाव त्याच सरासरीवर असेल, असं धरून चालू नये.

शिवाय मुंबईकर आहेतच. जावळी, पाटण, माण, खटावातली कितीतरी माणसं उमेदीची वर्षं मुंबईत गोदीत, गिरणीत, माथाडी म्हणून काढतात आणि निवृत्त होऊन गावी येतात. आटपाडी-खानापूरची गलाईवाली (सोनं-चांदी गाळणारी) मंडळी तर देशभर पसरली आहेत. शहरात कमावलेली शुगर घेऊन माणूस गावी परततो आणि गावच्या आकड्यात जमा होतो.

पूर्वी नव्हती एवढी शुगर. आताच मशीनं आली म्हणून निघते का?

तपासण्या वाढल्या हे खरं, पण वाढही खरी आहे. १९७२ ते ७५ दरम्यान आयसीएमआरने पुण्यासह सहा केंद्रांवर तपासणी केली होती. तेव्हा शहरात २.१ आणि खेड्यात १.५ टक्के मधुमेह सापडला. तेव्हाचे निकष वेगळे होते, त्यामुळे आकड्याला आकडा भिडवून वजाबाकी करू नये. तरी १.५ वरून ८.९ ही उडी नुसत्या मशीनने मारलेली नाही. त्या जुन्या पाहणीत गाव आणि शहर यांत फारसं अंतर नव्हतं, हेही लक्षात घ्या. मधल्या काळात शहर पुढे पळालं आणि आता गाव ते अंतर कापतंय.

आम्ही कष्टाची माणसं. आम्हाला कशी होईल?

हा प्रश्न बहुतेक वेळा साठीच्या घरातला माणूस विचारतो आणि तो स्वतःच्या जागी बरोबर असतो. त्याने नांगर धरलाय, मोटेचं पाणी पाजलंय. मुद्दा एवढाच की ते कष्ट कधी थांबले. पॉवर टिलर आला, ठिबक आलं, रानात जायला गाडी आली, ऊस तोडायला बीड-उस्मानाबादकडच्या टोळ्या आल्या. टेंभू आणि म्हैसाळ योजनांचं पाणी दुष्काळी पट्ट्यात पोचलं आणि तिथेही हात ओले झाले, ही आनंदाचीच गोष्ट. पण खाण्याचं माप जुन्या कष्टांचंच राहिलं.

दुसरं म्हणजे कष्ट हंगामी असतात. लावणीच्या आठवड्यात वाकून वाकून कंबर जाते आणि मधले दोन-दोन महिने पारावर बसून निघतात. बायकांचं उलटं: त्या दिवसभर उभ्या असतात म्हणून ‘हालचाल भरपूर’ असं वाटतं, पण दम लागेल असं चालणं त्यात थोडंच असतं.

पण माझी शरीरयष्टी तर बारीक आहे.

या प्रश्नाचं उत्तर आपल्या शेजारच्या पुण्यानेच जगाला दिलंय. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला बारीक आणि आतून चरबीचा, असा आपला भारतीय साचा.

याचं मूळ जन्माआधी सापडतं. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर बाया आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळात स्नायू कमी आणि पाठीवरची कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ तेवढीच. आईचं पोषण कमी पडलं, बाळ काटकसरीने वाढलं आणि पुढे त्याच्या वाट्याला भरपूर खाणं आणि कमी चालणं आलं, की स्वादुपिंडावर ताण येतो. दुष्काळ पाहिलेल्या माण-खटाव-आटपाडीच्या घरांनी हा मुद्दा जरूर मनावर घ्यावा.

म्हणून आपल्याकडे वजनापेक्षा कंबर मोजावी. पुरुषांची ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटर ही मर्यादा. पँटचा नंबर हा पुरावा नव्हे, पँट पोटाखाली बांधता येते. टेप बरगडी आणि खुब्याचं हाड यांच्या मध्यावर धरायची, श्वास सोडून. बीएमआय बघायचाच तर आपल्यासाठी २३ पासूनच जास्त वजन धरतात.

ऊसपट्ट्यात राहतो म्हणून शुगर होते का?

नाही. उसाच्या रानात राहून किंवा कारखान्याच्या धुराड्याखाली राहून मधुमेह होत नाही. रस आणि साखर अति खाल्ली तर वजन वाढतं, आणि ते वजन मधुमेहाकडे नेतं. उसाने आणलेला पैसा, त्यातून आलेली गाडी आणि कमी झालेलं चालणं यांचा हात साखरेइतकाच आहे.

श्रीमंतांचा आजार आहे ना हा?

होता. इंडियाबच्या पंधरा राज्यांचे निष्कर्ष २०१७ साली आले, त्यात एक वेगळीच गोष्ट दिसली. ज्या राज्यांत सुबत्ता जास्त, त्यांच्या शहरांत मधुमेह गरीब वस्तीत जास्त निघाला. चंदीगडात तर कमी उत्पन्न गटात २६.९ टक्के आणि वरच्या गटात १२.९. खेड्यात मात्र अजून तो बऱ्या घरांत जास्त होता. सधन माणूस आता चालायला जातो, पंधरा दिवसांनी वजन करतो, डाएटिशियनकडे जातो. हमाल, रिक्षावाला, टपरीवाला यांच्या हातात स्वस्त पोटभर म्हणजे तळलेलं आणि मैद्याचंच असतं. सांगली-मिरज-कुपवाडच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

‘बॉर्डरवर आहे’ म्हणजे किती?

उपाशीपोटी (किमान आठ तास फक्त पाणी): १०० च्या खाली ठीक, १०० ते १२५ प्रीडायबेटिस, १२६ आणि वर मधुमेह.

७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी: १४० च्या खाली ठीक, १४० ते १९९ प्रीडायबेटिस, २०० आणि वर मधुमेह.

एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी: ५.७ ते ६.४ प्रीडायबेटिस, ६.५ आणि वर मधुमेह.

त्रास काहीच नसेल तर एकाच रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्या तपासणीने खात्री करतात. आणि एक खाचखळगा: उपाशीपोटीची १०० ही मर्यादा अमेरिकन मधुमेह संघटनेची. जागतिक आरोग्य संघटना प्रीडायबेटिस ११० पासून धरते आणि इंडियाबने तीच धरली. म्हणजे १०० चा निकष लावला तर वर दिलेला १५.३ चा आकडा आणखी फुगेल. नुसती उपाशीपोटीची साखर बघून थांबूही नका. आपल्याकडे उपाशी ९५ आणि ग्लुकोजनंतर १७० अशी माणसं भरपूर सापडतात.

मंडळाच्या शिबिरात मशीनवर १६८ आलं. झाली का मला शुगर?

शिबिरात काय होतं ते सांगतो. गणपतीचा मांडव, सकाळचे अकरा. रांगेतल्या माणसाने येताना चहा-बिस्किटं घेतलेली, आरतीचा पेढा नुकताच तोंडात टाकलेला, आणि त्याच बोटांना पेढ्याचा अंश चिकटलेला. त्या बोटातून थेंब घेतला की मशीन थेंबातली आणि बोटावरची, दोन्ही साखरा मोजतं. हात साबणाने धुऊन, कोरडे करून मग टोचायला हवं. पट्टीची डबी उन्हात उघडी राहिली तरी आकडा भरकटतो.

तरी १६८ झटकून टाकू नका. शिबिरात १४० च्या वर आलेल्या प्रत्येकाने आठवड्याभरात लॅबमध्ये शिरेतून रक्त देऊन उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची, जमलं तर ग्लुकोजनंतरची, तपासणी करावी. बरेच जण नेमके इथेच गळतात. शिबिराचा कागद देवघरात ठेवला जातो आणि पुढच्या गणपतीला नवा कागद मिळतो. शिबिरात २०० च्या वर आली आणि सोबत सारखी तहान, सारखी लघवी, वजन उतरणं असं असेल, तर आठवडाही थांबू नका, दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठा.

काहीच त्रास नाही, मग तपासू कशाला?

त्रास नसतो म्हणूनच. इंडियाबच्या २०१७ च्या निष्कर्षांत मधुमेह सापडलेल्यांपैकी ४७.३ टक्के लोकांना तोपर्यंत आपल्याला तो आहे हे ठाऊकच नव्हतं.

एचबीएवनसी एकच केली तर चालेल का?

सोयीची आहे, उपाशी राहावं लागत नाही. पण ती रक्तातल्या हिमोग्लोबिनवर अवलंबून असते. लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया असेल तर आकडा खऱ्यापेक्षा थोडा चढा येतो. नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा सिकलसेलसारखा आजार असेल तर भलताच येऊ शकतो. आपल्याकडे बायकांत रक्त कमी असणं घरोघर आहे. त्यामुळे एखाद्या ताईंची एचबीएवनसी ६.१ आली आणि हिमोग्लोबिन ८ असेल, तर साखर थेट मोजूनच निर्णय घ्यावा.

बॉर्डरवर असलेल्या सगळ्यांना पुढे होतेच का?

सगळ्यांना नाही, पण हात बांधून बसलात तर निम्म्याहून जास्त जणांना. चेन्नईत एका गटाचा साधारण नऊ वर्षं पाठपुरावा झाला. प्रीडायबेटिस असलेल्यांपैकी ५८.९ टक्के लोकांना त्या काळात मधुमेह झाला. पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे हा प्रवास वेगाने होतो.

थांबवता येतो का, याचंही उत्तर चेन्नईतूनच आलं. भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रम नावाच्या अभ्यासात ५३१ उंबरठ्यावरच्या माणसांचे गट केले. २००६ साली निष्कर्ष आले. नुसता सल्ला देऊन सोडलेल्या गटात तीन वर्षांत ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार आणि चालण्याचा पाठपुरावा केलेल्या गटात ३९.३ टक्के. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी दिलेल्या गटात ४०.५ आणि दोन्ही एकत्र दिलेल्यांत ३९.५. म्हणजे चालणं आणि गोळी साधारण एकाच तोलाची ठरली आणि दोन्ही एकत्र करून जादा फायदा दिसला नाही. विशेष म्हणजे वजन फारसं न उतरताही फायदा झाला. ‘वजन काही हलेना’ म्हणून महिन्याभरात चालणं सोडणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

दुसरी बाजूही बघा: मेहनत घेतलेल्या गटातही जवळजवळ चाळीस टक्के लोकांना झालाच. त्यामुळे पथ्य पाळूनही शुगर झाली तर स्वतःला दोष देत बसू नका, आणि शेजाऱ्याला तर अजिबात देऊ नका. बॉर्डरवरच्या माणसाने वर्षातून एकदा तपासणी करावी.

भाकरी चालते, चपाती नाही. गूळ चालतो, साखर नाही. बरोबर?

ज्वारी-बाजरीच्या भाकरीत कोंडा असतो, चावावं लागतं, पोट लवकर भरतं. चपाती-भाताच्या ताटापेक्षा ती बरी. पण चार भाकऱ्या चुरून आमटीत कालवल्या तर शुगर वाढणारच, कारण शेवटी तोही पिष्टच आहे. निम्मं ताट भाजी-कोशिंबिरीचं, पाव ताट डाळ-उसळ-अंडं-मासा, उरलेल्या पावात भाकरी किंवा भात, एवढं जमवा. पावट्याची उसळ, मेथीची भाजी, हुलग्याचं माडगं हे आपल्याकडे होतंच. ते मागे पडून सकाळचा नाश्ता म्हणजे चहा-खारी झाला.

गूळ आणि साखर रक्ताला सारखेच. ‘गुळाचा चहा, शुगर फ्री’ अशा पाटीच्या टपरीवर शुगरवाले निर्धास्त दोन-दोन कप पितात, त्याला काय म्हणावं! बेदाणे, मध, कंदी पेढा यांचा हिशेब वेगळा लावता येत नाही.

चहाचं गणित स्वतः करा. कपात दोन चमचे साखर, दिवसाला सहा कप: आले की बारा चमचे, पन्नास-साठ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला वरून घातलेली साखर दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत असावी, शक्यतो पंचवीसच्या. म्हणजे नुसत्या चहावर कोटा संपला, जेवण अजून व्हायचंच आहे. आणि ‘एवढं तर घ्याच’ म्हणणाऱ्या पाहुणचारापुढे बिनसाखरेचा मागायला लाजू नका, आता प्रत्येक घरात एक कप वेगळा होतोच.

सूनबाईंना गरोदरपणात शुगर निघाली, बाळंतपणानंतर गेली. आता विषय संपला?

तिथून विषय सुरू होतो. गरोदरपणात शुगर निघालेल्या बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता बरीच जास्त. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करायची असते आणि नंतर दरवर्षी साखर बघायची. त्या सहाव्या आठवड्यात बाई माहेरी असते, बाळाच्या लसीची आठवण सगळ्यांना असते, तिच्या तपासणीची कोणाला नसते. लसीकरणाच्या दिवशीच रक्त देऊन या.

आणि गरोदरपणात तपासणी दोनदा व्हायला हवी: पहिल्या भेटीत, आणि ती ठीक आली तरी पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत. ही तपासणी उपाशी नसतानाही करता येते.

कोणी दहा कोटी म्हणतं, कोणी एकवीस. खोटं कोण बोलतं?

कोणीच नाही. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२१ साठी ७.४२ कोटी सांगितले, २०२४ साठी ८.९८ कोटी. ते वेगवेगळे अभ्यास एकत्र करून २० ते ७९ वयाचा अंदाज बांधतात. इंडियाबने दार वाजवून, उपाशी आणि ग्लुकोजनंतरची साखर मोजून १०.१ कोटी म्हटलं. २०२४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका जागतिक विश्लेषणात भारताचा आकडा २१.२ कोटी होता. त्यात उपाशीपोटीची साखर किंवा एचबीएवनसी, यापैकी एक जरी मर्यादेबाहेर असेल तरी मधुमेह धरला होता. आपल्याकडच्या ॲनिमियाचा विचार करता एचबीएवनसीवर एवढी भिस्त मला जरा जास्त वाटते. वर्तमानपत्रात आकडा दिसला की आधी बघावं: कोणती तपासणी, कोणतं वय, कोणतं साल.

टीबीचा आणि शुगरचा काय संबंध?

शुगर असलेल्याला टीबी होण्याचा धोका दोन ते तीन पट. म्हणून टीबीच्या प्रत्येक पेशंटची साखर तपासतात. शुगरवाल्याचा खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकी तपासून घ्या.

वारीला जायचंय. शुगर आहे, चालेल का?

चालेल, पण पायांचा विचार करून. ज्ञानोबांची पालखी आपल्या सातारा जिल्ह्यात लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी मुक्काम करत जाते. त्या दिवसांत रस्त्याकडेच्या तंबूत पायाचे फोड बांधून घ्यायला रांगा लागतात. बऱ्याच वर्षांच्या शुगरने पायाची जाणीव कमी झाली असेल तर फोड फुटला तरी कळत नाही. तळपायाला दोरा किंवा कापूस फिरवला आणि डोळे मिटून कळलं नाही, तर अनवाणी चालायचा नवस पुढे ढकला. पायात नवी चप्पल नको, जुनी मुरलेली हवी. रात्री मुक्कामाला तळवा आरशात किंवा सोबतच्या माणसाकडून बघून घ्यायचा. एकादशीचा उपास आणि शुगरची गोळी यांची सांगड डॉक्टरांशी बोलून निघण्याआधीच घाला. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर खिशातली साखर किंवा खडीसाखर लगेच तोंडात टाकायची. तिथे पथ्य बघायचं नाही.

गावात तपासणी कुठे आणि किती खर्चात होईल?

तिशी उलटलेल्या प्रत्येकाची बीपी-शुगर तपासणी हा सरकारी असंसर्गजन्य आजार कार्यक्रमाचा भाग आहे आणि ती तुमच्या उपकेंद्रातच होते, ज्यावर आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी पाटी असते. आशाताई घरी येऊन सीबॅक नावाचा फॉर्म भरतात: वय, तंबाखू, दारू, कंबर, व्यायाम, घरात कोणाला आहे का. चारच्या वर गुण झाले की तपासणीला आधी बोलावतात. कंबर मोजायची म्हटलं की पुरुष हसण्यावारी नेतात आणि बायका ‘लिवा की अंदाजानं’ म्हणतात. तो एक आकडा अंदाजे लिहिला की फॉर्मचा निम्मा अर्थ जातो, तेव्हा टेप लावू द्या.

घरी स्वतःच पडताळायचं असेल तर भारतीय मधुमेह जोखीम गुणांक वापरता येतो. वय ३५ ते ४९ असेल तर २० गुण, ५० च्या पुढे ३०. कंबर पुरुषांची ९० ते ९९ किंवा बायकांची ८० ते ८९ असेल तर १०, त्याहून जास्त तर २०. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल तर १०, दोघांना असेल तर २०. हालचालीसाठी शून्य ते ३०, बैठं काम आणि व्यायाम नाही तर पूर्ण ३०. बेरीज ६० झाली की थेट तपासणीला जायचं. पन्नाशीचा, बसून काम करणारा आणि व्यायाम न करणारा माणूस कंबर न मोजताच ६० वर पोचतो.

उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतात, साखर जास्त निघाली तर ते प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. औषध महिन्याचं एकदम मिळतं का, हे आधी विचारून घ्या आणि डबी संपायच्या चार दिवस आधी जा. पुरवठा खंडित झाला असेल तर तेवढ्या वेळात दुसरी सोय करता येते. जाताना आधीचे सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावून एका पिशवीत घालून न्या.